गाडी आणि चालक भाड्याने घेऊन किन्नौर–स्पिती: ठरवाठरवीपासून हिशेबापर्यंत

दरवर्षी मार्च-एप्रिलमध्ये ओळखीतलं कुणीतरी मला हिमाचल प्रदेशातल्या स्पिती खोऱ्याच्या सहलीचा आराखडा पाठवतं, आणि तो बहुतेक वेळा सारखाच असतो. सकाळच्या विमानाने चंदीगड, त्याच रात्री मनाली, दुसऱ्या दिवशी कुंझुम खिंड ओलांडून स्पितीतलं मुख्य गाव काझा, पुढच्या दोन दिवसांत की, किब्बर, हिक्कीम आणि कोमिक ही गावं, परतताना चंद्रताल तळं, सातव्या दिवशी घरी. गाडीबद्दल विचारलं तर उत्तर येतं, "एजंटने दिलीये, ड्रायव्हरसकट."

यात चार चुका आहेत. महिना चुकलेला असतो, दिशा उलटी असते, रात्रीचे मुक्काम घाईने उंचीवर नेणारे असतात आणि चालकाच्या झोपेचा विचार कुणीच केलेला नसतो. या चारही गोष्टी घरी बसून, फोनवर दुरुस्त होतात. रस्त्याला लागल्यावर त्यातली एकही धड दुरुस्त होत नाही. म्हणून या लेखात घरी करायच्या कामांना जास्त जागा दिली आहे. टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. गाडी आधी ठरवून मग मुक्काम बसवायला गेलात की सगळं पुन्हा विस्कटतं.

## १. आधी महिना ठरवा

काझ्याला जायचे दोन रस्ते आहेत. शिमला–किन्नौरकडून येणारा रस्ता बहुतेक वर्षभर चालू असतो, दरड किंवा बर्फाने मधून मधून बंद पडतो. मनालीकडून येणारा रस्ता सुमारे ४,५५० मीटर उंचीच्या कुंझुम खिंडीतून येतो. ती खिंड साधारण मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत कधीतरी उघडते आणि ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या सुमारास बंद होते.

आपल्याकडची पंचाईत इथेच सुरू होते. शाळेची सुट्टी मे महिन्यात आणि दिवाळीत. मे महिन्यात चंद्रतालचा बेत आखणं म्हणजे खिंड उघडेल या आशेवर पैसे भरणं. मेमध्येच जायचं असेल तर शिमल्याकडून जा आणि शिमल्याकडूनच परत या, चंद्रताल यादीतून काढून टाका. दिवाळीतही तेच. तोवर चंद्रतालचे तंबू सहसा उठलेले असतात.

जुलै-ऑगस्टमध्ये स्पितीत पाऊस कमी असतो, कारण ते पर्जन्यछायेत आहे. पण तिथे पोहोचायला किन्नौर किंवा कुलू पार करावं लागतं आणि तिथे पाऊस कोसळत असतो. जुलै २०२१ मध्ये किन्नौरच्या सांगला खोऱ्यात बटसेरीजवळ वरून आलेल्या दगडांखाली टेम्पो ट्रॅव्हलरमधले नऊ पर्यटक गेले. पुढच्याच महिन्यात किन्नौरमध्येच निगुलसरीला डोंगर खचून पंचवीसहून जास्त माणसं मृत्युमुखी पडली. माझं मत स्पष्ट आहे. रजा मिळत असेल तर सप्टेंबरचा दुसरा आठवडा ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा धरा. ते जमत नसेल तर जूनचा उत्तरार्ध.

सावधान: परतीचं विमान किंवा रेल्वे आणि सहलीचा शेवटचा दिवस यांच्यात एक पूर्ण रिकामा दिवस ठेवा. जुलै २०२३ मध्ये अवेळी पडलेल्या बर्फामुळे चंद्रतालला सुमारे तीनशे जण कित्येक दिवस अडकले होते.

## २. दिशा आणि मुक्काम

मनाली साधारण २,०५० मीटरवर आहे, काझा ३,७०० मीटरच्या आसपास. एका दिवसात १,६५० मीटर वर जाऊन झोपायचं आणि वाटेत साडेचार हजारांवरची खिंड ओलांडायची, हे शरीराला झेपत नाही. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढू नये, हा सर्वमान्य नियम आहे. शिमल्याकडून गेलं की तो बहुतांशी पाळता येतो. म्हणून शिमल्याकडून चढा आणि मनालीकडून उतरा.

मी सुचवतो ते मुक्काम असे. कंसातला आकडा झोपण्याच्या उंचीचा, मीटरमध्ये.

पहिली रात्र नारकंडा (२,७००). दुसरी सांगला (२,७००). तिसरी कल्पा (२,९६०), सकाळी छितकुल बघून. चौथी ताबो (३,२८०), दुपारचं जेवण नाकोला. पाचवी, सहावी, सातवी काझा (३,७००). आठवी चंद्रताल (सुमारे ४,२५०). नववी मनाली. दहावा दिवस राखीव.

बरेच जण चौथ्या रात्री नाकोला थांबतात. गाव सुंदर आहे, पण ते ३,६६० मीटरवर आहे, म्हणजे कल्पाहून एकदम ७०० मीटर वर. नाकोला तळं बघा, जेवा, आणि झोपायला ताबोला उतरा. दुसऱ्या दिवशी काझा जेमतेम पन्नास किलोमीटर राहतं, मध्ये धनकरचा मठ निवांत बघून होतो.

तपासा: तुमच्या आराखड्यात प्रत्येक दिवसापुढे किलोमीटरऐवजी तास लिहा. मनाली–काझा अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे, पण आठ ते दहा तास लागतात. मुंबई–पुण्याचा हिशेब डोक्यात ठेवून कुणी ‘दोनशेच तर आहेत’ म्हणालं की त्याला हा आकडा दाखवा.

## ३. गाडी कोणती आणि किती

सहा जणांपर्यंत एक इनोव्हा, सुमो किंवा तत्सम उंच गाडी. खरं तर पाच जणच बसवा. सहावी जागा रिकामी राहिली तर एखाद्याला उलटी-मळमळ सुरू झाल्यावर आडवं व्हायला ती लागते. आठ ते बारा जण असाल तर टेम्पो ट्रॅव्हलर स्वस्त पडतो, हे खरं. तरीही मी दोन लहान गाड्या घ्यायला सांगेन. कुंझुमच्या मनालीकडच्या पायथ्याला असलेल्या बातलहून चंद्रतालकडे जाणारा चौदा किलोमीटरचा रस्ता एका गाडीपुरता आहे, समोरून कुणी आलं की एकाला मागे जावं लागतं. लांब गाडीची तिथे फार ओढाताण होते. शिवाय एक गाडी बंद पडली तर दुसरी मदत आणायला जाऊ शकते.

गाडी हिमाचलची आणि चालक किन्नौर, शिमला, कुलू किंवा स्पितीकडचा असावा. दिल्लीहून निघालेला चालक कितीही तरबेज असला तरी त्याला उंचीचा त्रास तुमच्याइतकाच होऊ शकतो, आणि तो त्रास होत असल्याचं तो सांगणार नाही, कारण त्याची रोजी त्यावर आहे.

सावधान: पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी भाड्याने घेऊ नका, मग ती ओळखीच्या कुणाची का असेना. भाड्याच्या गाडीची पाटी पिवळी आणि अक्षरं काळी असतात. खाजगी गाडी भाड्यावर चालताना अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते.

## ४. फोनवर काय विचारायचं

एजंटकडून गाडी घेत असाल तरी पैसे भरण्याआधी चालकाशी स्वतः बोला. ‘चालक आदल्या दिवशी कळेल’ असं उत्तर आलं तर दुसरा एजंट बघा. मी आता या एका मुद्द्यावर अजिबात मागे हटत नाही.

चालकाला विचारायचे प्रश्न साधे आहेत. या वर्षी किंवा गेल्या वर्षी काझ्याला किती वेळा गेलात? कुंझुमकडून शेवटचे कधी उतरलात? आमच्या आधीचं भाडं कधी संपतंय? हा तिसरा प्रश्न कुणीच विचारत नाही आणि तोच सगळ्यांत महत्त्वाचा आहे. हंगामात चालक आदल्या रात्री एक गट सोडतात आणि पहाटे दुसरा घेतात. आमच्या दुसऱ्या सहलीत असंच झालं. चंदीगडला भेटलेला तरुण चालक रात्रभर गाडी चालवून आला होता. आम्ही विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. शिमल्याच्या पुढे त्याची मान दोनदा खाली गेली. दुसऱ्या वेळी माझ्या भावाने स्टिअरिंगला हात लावला म्हणून गाडी कठड्यापाशी थांबली. त्या मुलाची त्यात काय चूक? आम्ही तिथेच ढाब्यावर त्याला तीन तास झोपायला लावलं आणि पहिला मुक्काम अलीकडे घेतला.

एवढं बोलणं झालं की पुढच्या अटी लेखी पाठवा. व्हॉट्सॲपवरचा संदेश चालतो, पण समोरून ‘ठीक आहे’ आलं पाहिजे. भाषा हिंदी ठेवा.

- तारखा, मुक्कामाची गावं, आणि बघायच्या प्रत्येक बाजूच्या गावाचं नाव. ‘स्पिती साइटसीइंग’ एवढंच लिहिलं तर छितकुल, हिक्कीम, पिन खोरं हे सगळं नंतर ‘एक्स्ट्रा’ ठरतं.
- भाड्यात डिझेल, टोल, पार्किंग, राज्याचा कर धरला आहे का.
- मनाली किंवा चंदीगडला सोडल्यावर गाडी रिकामी परत जाणार, त्याचे पैसे कुणाकडे.
- चालकाचं जेवण आणि झोपण्याची जागा कोण देणार.
- रस्ता बंद पडून एक दिवस वाढला तर त्या दिवसाचा दर.
- गाडी बिघडली तर बदली गाडी किती वेळात आणि कुठून.
- सूर्यास्तानंतर डोंगरात गाडी चालणार नाही. ही अट तुमच्याकडून आहे हे स्पष्ट लिहा. चालकाला त्याने बरं वाटतं.

आगाऊ रक्कम एकूण भाड्याच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त देऊ नका. पहिल्या दिवशी डिझेलपुरते पैसे, काझ्याला निम्मे, उरलेले शेवटी, अशी वाटणी दोघांनाही सोयीची पडते.

तपासा: सगळ्यांत स्वस्त दर आला असेल तर यातल्या कोणत्या ओळी गाळल्या आहेत ते बघा. बहुधा चालकाची झोपण्याची जागा गाळलेली असते.

## ५. निघण्याआधीचा पंधरवडा

साठीच्या पुढचे, रक्तदाब, दमा, हृदयविकार किंवा मधुमेह असलेले आणि गरोदर स्त्रिया यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय तिकीट काढू नये. उंचीवर घ्यायच्या ॲसिटाझोलामाइडच्या गोळीबद्दलही तेव्हाच विचारा. सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असेल तर ते आधी सांगा. शेजाऱ्याने घेतली म्हणून आपणही घेतली, असं या गोळीचं करू नये.

भारतीय नागरिकांना या रस्त्याला परवाना लागत नाही, पण मूळ ओळखपत्र हाताशी ठेवा, सुमदोसारख्या नाक्यांवर मागतात. अमेरिकेहून आलेला भाचा किंवा सून परदेशी पारपत्रावर असेल तर मात्र किन्नौर आणि स्पितीमधल्या सीमेलगतच्या पट्ट्यासाठी परवाना लागतो. तो शिमला, रिकाँग पिओ किंवा काझ्याला मिळतो. रविवारी कार्यालय बंद असतं, त्यामुळे रिकाँग पिओला शनिवारी संध्याकाळी पोहोचणारा आराखडा बदला.

रोख रक्कम शिमल्यापर्यंत काढून घ्या. काझ्याला एटीएम आहे, पण त्यात पैसे असतीलच असं नाही. आपली प्रीपेड सिमकार्डं हिमाचलात चालतात, अडचण येते ती जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये. तरी गटात बीएसएनएलसकट दोन-तीन वेगवेगळ्या कंपन्यांची कार्डं असू द्या. कुंझुमच्या पट्ट्यात कुणाचंच चालत नाही, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

सामान मऊ सॅकमध्ये भरा. कडक सुटकेसी डिकीत मावत नाहीत, मग टपावर जातात आणि वळणावर गाडी जड होते. खाण्यात चिवडा, दशम्या आणि मेतकूट न्या. मळमळत असताना राजमा-पराठा घशाखाली उतरत नाही, तेव्हा मऊ भातावर मेतकूट कालवून घेता येतं.

## ६. गाडी भेटल्यावरचा पहिला अर्धा तास

सामान चढवायच्या आधी हे करा, नंतर नाही. नोंदणी, विमा, फिटनेस आणि प्रदूषण प्रमाणपत्र चालकाकडे मागा. गाडीचा क्रमांक सरकारी एमपरिवहन ॲपवर टाकूनही बघता येतो. चारही टायरांची नक्षी बघा. स्टेपनीत हवा आहे का ते हाताने दाबून बघा, कारण कागदावर स्टेपनी प्रत्येक गाडीला असते. जॅक, पान्हा, हवेचा पंप, टोचन करायला जाड दोर आणि टपावर सामान असेल तर ताडपत्री, एवढं गाडीत पाहिजे. मागच्या सीटचे पट्टे ओढून बघा. बऱ्याच गाड्यांत ते कव्हरखाली गेलेले असतात.

हे करताना सूर तपासनीसाचा नको. चालकाला ‘ए भैया’ म्हणून हाक मारू नका, नाव विचारा आणि नावापुढे ‘जी’ लावा. ती गाडी हप्त्यांवर त्याने स्वतः घेतलेली असण्याची बरीच शक्यता असते आणि तिच्याबद्दल तो तुमच्यापेक्षा काळजीत असतो. चहा मागवा, पूर्ण आराखडा त्याच्यापुढे ठेवा आणि काय बदलायला हवं ते विचारा. रस्ता कुठे खचला आहे, कुठल्या गावातला पंप बंद आहे, ही बातमी त्याच्याकडे काल रात्रीची असते.

सावधान: कागद किंवा टायर बरोबर नसतील तर तिथूनच फोन करून गाडी बदलून मागा. रामपूरच्या पुढे बदली गाडी मिळवण्यात अख्खा दिवस जातो.

## ७. रोजचा दिवस कसा चालवायचा

आदल्या संध्याकाळी जेवायच्या आधी एकच प्रश्न विचारा: "भाईजी, कल सुबह कितने बजे निकलना ठीक रहेगा?" तो सहा म्हणाला तर सहा. गटाने मतदान करून साडेसात करू नये. त्याची वेळ ऊन, नाले आणि दरडी बघून ठरलेली असते.

त्याची खोली बघून या. हॉटेलवाला ‘ड्रायव्हरसाठी सोय आहे’ म्हणतो, ती सोय कधी कधी गाडीतच असते. ताबो-काझ्याला सप्टेंबरातही रात्री कडाक्याची थंडी पडते. ज्याच्या हातात उद्या तुमची मुलंबाळं आहेत त्याला गादी, रजई आणि गरम जेवण मिळालं की नाही हे बघणं गटातल्या एकाचं रोजचं काम असू द्या. मुक्काम ठरवतानाच चालकाच्या खोलीचे पैसे धरले तर ही वेळ येत नाही.

डोंगरातल्या रस्त्यावर चाकामागे सात-आठ तास पुरे. दर दोन तासांनी थांबा, पण कुठे थांबायचं ते त्याला ठरवू द्या. निगुलसरी, नाकोजवळचा मलिंग नाला आणि जिथे जिथे रस्त्यावर ताजे दगड दिसतात तिथे फोटोसाठी गाडी थांबवायला लावू नका. डोंगराकडे बघत, गप्पा बंद ठेवून ते तुकडे पार करायचे. पुढच्या सीटवर बसणाऱ्याने झोपायचं नाही, हा नियम आमच्या घरात मुलंही पाळतात.

दोन गाड्या असतील तर मागची आरशात दिसेनाशी झाली की पुढचीने थांबायचं. प्रत्येक फाट्यावर एकत्र व्हायचं. फोन लागेल यावर विसंबू नका.

डिझेल रिकाँग पिओजवळ पोवारीला पूर्ण भरा आणि काझ्याहून निघतानाही पूर्ण भरा. काझ्यापासून मनालीच्या बाजूला उतरेपर्यंत पंप नाही असं समजूनच चला.

रोजची तपासणी: रात्री जेवताना प्रत्येकाला, चालकालाही, विचारा. डोकं दुखतंय का, मळमळतंय का, लघवी नेहमीसारखी होतेय का. डोकेदुखीबरोबर मळमळ, चक्कर किंवा गळून गेल्यासारखं असेल तर ते ‘प्रवासाचं दमणं’ समजू नका. त्या दिवशी आणखी वर जायचं नाही. बसल्या जागी धाप लागली, सरळ रेषेत चालता येईना किंवा बोलण्यात गोंधळ दिसला, तर रात्र असो की पहाट, खाली उतरायचं. रात्री गाडी न चालवण्याच्या अटीला हा एकच अपवाद आहे, आणि तो चालकाला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. काझ्याला सरकारी रुग्णालय आहे. ११२ आणि रुग्णवाहिकेचा १०८ हे क्रमांक लिहून गाडीत चिकटवा.

## ८. काझ्यातले तीन दिवस

पहिला अर्धा दिवस काहीही करू नका. दुसऱ्या दिवशी की आणि किब्बर, तिसऱ्या दिवशी लांगझा, हिक्कीम, कोमिक. कोमिक ४,५०० मीटरच्या वर आहे, म्हणून ते शेवटी. चालकाला यातला एक अर्धा दिवस पूर्ण सुट्टी द्या. त्याला गाडीखाली शिरून नटबोल्ट आवळायचे असतात, कपडे धुवायचे असतात, घरी फोन करायचा असतो. पुढचे दोन दिवस सगळ्यांत कठीण आहेत.

कुंझुम उघडी आहे का, हे हॉटेलवाल्याला विचारू नका. आदल्या संध्याकाळी काझ्याच्या टॅक्सीवाल्यांकडे जा आणि त्या दिवशी मनालीहून आलेला चालक शोधून त्याला विचारा.

## ९. कुंझुम, चंद्रताल आणि खाली

काझ्याहून सकाळी लवकर निघा. लोसरला नाश्ता, मग खिंड. वर दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त रेंगाळू नका. तंबू तळ्याच्या काठावर नसतात, दोन-तीन किलोमीटर अलीकडे असतात, आणि गाडी थांबते तिथून पुढे पायी जावं लागतं. काझ्यात कुणाची डोकेदुखी गेलेली नसेल तर चंद्रतालची रात्र रद्द करा. त्या तंबूतून रात्री खाली उतरणं फार अवघड आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटेच निघायचं. बातल ते ग्रामफूच्या मध्ये नाले रस्त्यावरून वाहतात. रात्रीच्या थंडीने बर्फ वितळायचं थांबतं, त्यामुळे सकाळी पाणी घोट्याएवढं असतं. ऊन तापलं की दुपारी त्याच नाल्यात गाडीचं बोनेट भिजतं. नाल्यापाशी चालक उतरून पाणी बघेल, पुढची गाडी कशी जाते ते बघेल. तेव्हा मागून सल्ले देऊ नका. त्याने ‘उतरा’ म्हटलं तर उतरा, ‘थांबूया’ म्हटलं तर थांबा. ग्रामफू आलं की पुढे अटल बोगदा, नऊ किलोमीटरचा, आणि तासा-दीड तासात मनाली.

## १०. हिशेब

हिशेब शेवटच्या सकाळी घाईत नको, आदल्या संध्याकाळी बसून करा. लेखी अटींचा संदेश दोघांनी मिळून वाचा, वाढलेले दिवस आणि वाढलेली गावं जोडा, दिलेले पैसे वजा करा. बक्षीस वेगळं, थेट चालकाच्या हातात. एजंटच्या खात्यात घातलेलं बक्षीस त्याच्यापर्यंत पोहोचेलच असं नाही.

त्याला लगेच परत निघायचं असेल तर मनालीतल्या त्या रात्रीची त्याची खोली तुमच्याच खर्चात धरा आणि सकाळी जायला सांगा. पुढचं भाडं उभं असेल तर तो नाही म्हणेल. तरी जेवू घालून, दोन तास झोपवून मगच सोडा. घरी पोहोचल्यावर त्याचा नंबर पुढच्या वर्षी जाणाऱ्यांना द्या, त्याला विचारून.